तान्ह्या बाळाचे कोरडे वस्त्र
(विश्वस्त संस्थेच्या वार्षिक सभेतील भाषण)



वर्षाचा जमाखर्च आपल्यापुढे मांडून झालाच आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. औषधोपचारावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि आमच्या बालरोग विभागाच्या सूचनेवरून एका लहानशा दुखण्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो. ते दुखणे म्हणजे लंगोटामुळे तान्ह्या बाळाच्या जांघेत व बैठकीवर उठणारे पुरळ.

ओला लंगोट बराच वेळ राहिला की त्वचा भिजून नाजूक होते. शी-शू एकत्र आल्यावर विष्ठेतील पाचक द्रव्ये तिला झोंबतात आणि कापडाच्या घर्षणाने ती लाल होते. जुलाब लागलेल्या बाळाला हा त्रास अधिक. लंगोट कापडी असो वा विकतचा डायपर, ओल साचली की परिणाम तोच.

धामणगाव बढे परिसरातील मातांची अडचण आम्ही जवळून पाहतो. उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते. लंगोटातील साबण पुरता निघत नाही. पावसाळ्यात ते दमटच राहतात. कपाशीच्या निंदणीच्या दिवसांत बाळ आजीच्या स्वाधीन असते. विकतचा डायपर महाग, म्हणून तो तासन् तास बदलला जात नाही. या मातांना निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल.

उपाय साधा आहे. दर दोन-तीन तासांनी, आणि शी होताच लगेच, लंगोट बदलावा. जागा कोमट पाण्याने धुऊन, न घासता, मऊ सुती कापडाने टिपून घ्यावी. दिवसातून काही वेळ बाळाला लंगोटाविना मोकळे ठेवावे. त्यानंतर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाडसर थर द्यावा. लंगोट साबण निघेपर्यंत खळबळून उन्हात वाळवावेत. ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. केवळ आईच्या दुधावरील बाळांना हे पुरळ कमी होते, हेही ध्यानात असावे.

दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, घड्यांमध्ये गडद लाली येऊन कडेला बारीक पुटकुळ्या उठल्या, किंवा तोंडात पांढरे चट्टे दिसले, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्याचे औषध वेगळे. पू, ताप किंवा दूध न पिणे ही लक्षणे दिसल्यास, विशेषतः महिन्याच्या आतील बाळाला, त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणावे.

खरा धोका वेगळाच आहे. खाज, बुरशी व जंतू या तिन्हींवर चालणारी म्हणून मिळणारी मलमे अनेक घरांत असतात. त्यांत बहुधा तीव्र स्टिरॉईड असते. लंगोटाखाली ते बाळाच्या शरीरात अधिक शोषले जाते, त्वचा पातळ होते आणि वाढीवरही परिणाम होऊ शकतो. 2018 साली केंद्र शासनाने अशा चौदा स्टिरॉईडयुक्त त्वचा-औषधांना डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. मोठ्यांसाठी आणलेली ट्यूब बाळाला लावू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

आता आमच्या चुकीची कबुली. देणगीदारांच्या कृपेने आपण घरी जाणाऱ्या प्रत्येक मातेला बाळंतविडा देतो. झबले, टोपडे व दुपट्यासोबत त्यात टाल्कम पावडरचा डबाही असे. तिची धूळ श्वासावाटे बाळाच्या फुप्फुसात जाऊ शकते, हे बालरोग विभागाने लक्षात आणून दिल्यावर आम्ही तो डबा काढून टाकला. देणाऱ्याचा हेतू निर्मळच होता. वस्तू निवडताना विचारणे हे आमचे काम होते आणि ते आम्ही केले नव्हते.

त्याच जागी आता सहा सुती लंगोट व झिंक मलमाची एक ट्यूब द्यावी, असा आमचा प्रस्ताव आहे. प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांपर्यंत आशाताई घरभेटी देतात. 1990च्या दशकात गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी घरोघरच्या नवजात-सेवेने बालमृत्यू घटवून दाखविले. शासनाने 2011 पासून घरभेटींची ती वाट देशभर स्वीकारली. त्या भेटीत बाळाची त्वचाही पाहिली जाते. आपल्या बाळंतविड्याने त्या कामाला हातभार लागावा.

यंत्रासाठी देणगी मागताना आम्हांस कधी संकोच वाटला नाही. आज मात्र कापसाच्या या जिल्ह्यात आम्ही मऊ सुती कापड मागत आहोत. त्यावर दात्याचे नाव कोरता येणार नाही. पण रात्रभर रडणारे बाळ शांत झोपेल, आणि दिवसभर शेतात राबलेल्या त्याच्या आईलाही झोप मिळेल.