शेवटच्या सायकलचा वेग



आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू डिसेंबरच्या सायकल सहलीचं सांग, अशी संयोजकांची आज्ञा आहे. ग्रुपवर त्याची चर्चा तुम्ही वाचलीच असेल. काही मित्रांना एकदम वरंधा घाट चढायचा आहे, तर काही मैत्रिणी म्हणतात, आम्ही आपल्या टेम्पोतून येतो. मला दोन्ही नको आहे. सगळ्यांना जमेल अशी मध्यम सहल हवी.

पण मध्यम म्हणजे कुणासाठी? आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात सगळ्या यंत्रणेचा वेग तिच्यातल्या सर्वांत संथ भागावरून ठरतो. सायकल सहलीचंही तसंच. म्हणून हिशेब शेवटच्या सायकलचा करू. बिरवाडी ते महाड दहाएक किलोमीटर, पुढे गांधारपाले दोन-तीन. जाऊन-येऊन २५-२६ किलोमीटर, मध्ये घाट नाही. ताशी १० किलोमीटर धरले, तर अडीच तास पेडल मारायचं. लेणी, चवदार तळं आणि चहा यांना दोन तास. सकाळी साडेसहाला निघालो तर अकराला परत.

पावसाळ्यात जायचं नाही. २०१६ च्या ऑगस्टमधली सावित्रीच्या पुलाची रात्र आणि २०२१ च्या जुलैमधलं तळीये आपल्याला कुणी सांगायला नको. मार्चनंतर ऊन आणि घाम सोसवत नाही. म्हणून डिसेंबर, आणि तोही रविवार. एमआयडीसीचे टँकर त्या दिवशी कमी असतात, पण नसतात असं नाही; तेव्हा हायवेवर एकामागे एक, मागे लाल दिवा, डोक्यावर हेल्मेट.

आता गांधारपाले का? एसटीच्या खिडकीतून आपण ती लेणी शेकडो वेळा पाहिली. पायऱ्या चढून वर किती जण गेलो? सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी खोदायला सुरुवात झालेली. तिथल्या एका ब्राह्मी शिलालेखात काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराचं दान नोंदलं आहे. दानात काय दिलं? लेणं, चैत्यगृह, आठ ओवऱ्या, दोन्ही बाजूंना पाण्याच्या दोन पोढ्या आणि वाट. ओवरी हा शब्द आपण अजून देवळात वापरतो. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीने गलबतं महाडपर्यंत यायची, माल पुढे घाटावर जायचा. अशा वाटेवर माणसाला काय लागतं, हे त्या दात्याला पक्कं ठाऊक होतं: टेकायला जागा, पाणी आणि रस्ता. सहलीची आखणी याहून वेगळी नसते.

परतताना चवदार तळ्यावर थांबू. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत परिषदेतली माणसं रांगेने चालत इथे आली आणि पाणी प्यायली. तळं नगरपालिकेनं सर्वांना खुलं केल्याचा ठराव आधीच झाला होता. पण कागदावर खुलं असणं आणि ओंजळीत पाणी येणं यांत किती अंतर असतं, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

आता थोडं कामाचं. टाच पेडलवर ठेवून पाय सरळ होईल एवढी सीट उंच घ्या, गुडघे वाचतात. चढ लागण्याआधीच हलका गिअर टाका. येताना काही अंतर आतल्या कच्च्या रस्त्याने यायचं आहे. तिथे टायरमधली हवा थोडी कमी करायची आणि नुसता पुढचा ब्रेक दाबायचा नाही. तो रस्ता आठवडाभर आधी दोघांनी मोटारसायकलवरून बघून यावा. पंक्चरचं सामान, पंप, दोन बाटल्या पाणी, ओआरएस. आणि एक नियम: पुढचा प्रत्येक वळणावर थांबेल, शेवटची सायकल दिसल्याशिवाय हलणार नाही. शेवटच्या सायकलच्या मागे मी असेन. टेम्पो येईल, पण दमलेल्यासाठी. आधीच हार मानलेल्यासाठी नाही.

हे शेवटचं मी मैत्रिणींना सांगते आहे. आपल्या वर्गातल्या किती मुली सायकलने शाळेत यायच्या? हात वर करा बघू. बघा, दोनच. घरात सायकल असलीच तर ती भावाची. बाकीच्या आपण कोंडावरून, वाडीवरून दप्तर घेऊन चालत आलो. पुढे संसार, मुलं, नोकरी, शेती. सायकल शिकायची राहूनच गेली. आता आपली मुलं सायकल चालवतात आणि आपण त्यांच्या मागे ओरडतो, हळू जा म्हणून.

तर माझी विनंती अशी, की सायकल येत नसेल त्यांनीच आधी नाव द्यावं. शाळेचं मैदान आहे, मुख्याध्यापकांनी रविवारी सकाळी ते वापरायची परवानगी दिली आहे, त्यांचे मनापासून आभार. पीटीच्या सरांनी शिट्टी घेऊन उभं राहायचं कबूल केलं आहे. पडलो तर आपल्याच मातीत पडू, आणि हसायलाही आपलीच माणसं असतील.

नावं चहाच्या टेबलावरच्या वहीत लिहायची आहेत. पहिलं पान मी मैत्रिणींसाठी कोरं ठेवलं आहे.