पातेल्याची कल्हई



गेल्या वर्षी महाप्रसादाची आमटी कळकली आणि ओतून द्यावी लागली. दोष आला पातेल्यावर. आजोबांच्या पिढीने वर्गणी काढून घेतलेलं ते पितळी पातेलं मोडीत द्यायचा ठराव झाला. खरं तर चूक आमचीच होती. चार वर्षं आम्ही त्याला कल्हईच केली नव्हती. आंबट पदार्थ उघड्या पितळेला लागला, की कळकणारच.

यंदा मांडवीकडे चौकशी करत आम्ही कल्हईवाला शोधला. त्याने भांडं तापवलं, नवसागर टाकला आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं. पातेलं आतून चांदीसारखं झालं.

आता ते जपायचं आपण. कथील २३२ अंशांना वितळतं, हे डिप्लोमाला पाठ केलेलं इथे कामी आलं. म्हणून रिकामं पातेलं आचेवर ठेवू नये. फोडणी लोखंडी कढईत करून वरून घालावी. डाव लाकडी वापरावा. आतून तारेची घासणी नको. चिंच बाहेरूनच लावावी. धुऊन, पुसून पालथं घालावं. आत पिवळं दिसू लागलं, की पुन्हा कल्हई.

ठराव आम्ही मागे घेतला आहे. यंदाची आमटी त्याच पातेल्यात! आपापल्या माळ्यावरची भांडीही एकदा खाली काढू या.

गणपती बाप्पा मोरया!