मेजर गावी आले आहेत : स्वागताध्यक्षीय भाषण



मांजरेकाठच्या या तालुक्यात स्वागत समितीच्या वतीनं सर्वांचं मनःपूर्वक स्वागत. बिलोली नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेला आहे. नदी ओलांडली की तेलंगण. इथल्या आठवडी बाजारात मराठीबरोबर तेलुगू आणि उर्दूही सहज कानावर पडते. देशाची सीमा राखून आलेल्या माणसांचं संमेलन राज्याच्या सीमेवर भरतं आहे, याचा गावाला मनापासून आनंद आहे.

सातारा-कोल्हापूरकडे पलटणीची परंपरा जुनी आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धातून परतले नाहीत. ते गाव आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. अशा गावात पेन्शनीवर आलेल्या माणसाची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. मराठवाड्याचं तसं नाही. हा भाग निजामाच्या राज्यात होता. भारतीय सेना इथल्या लोकांनी जवळून पाहिली ती १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत, मुक्तीच्या वेळी. पुढं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं किल्लारी आणि परिसर जमीनदोस्त झाला, तेव्हा ढिगारे उपसायला जवान आले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये याच जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात गावांत पाणी शिरलं, तेव्हाही सेनेला बोलवावं लागलं.

आता सेना बाहेरून येते एवढंच राहिलेलं नाही. ती गावात राहायला आली आहे. शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार म्हणून, गाव त्याला ‘मेजर’ म्हणतं. त्या हाकेत आदर आहे. पण हाक मारल्यानंतर पुढं काय, हा या संमेलनाचा विषय आहे.

जवान पस्तीस-चाळिशीत घरी येतो. हातात डिस्चार्ज बुक असतं, महिन्याला पेन्शन असते, कॅन्टीनचं कार्ड असतं. त्याच्या वर्गातले मित्र तेव्हा नोकरीत किंवा धंद्यात ऐन भरात असतात. पहाटे फॉलइनची शिट्टी होत नाही, तरी चार वाजता जाग येते. पंधरा-सतरा वर्षं नाव-नंबरानं, पलटणीनं आणि ट्रेडनं, म्हणजे सैन्यातल्या कामानं, ओळखला गेलेला माणूस एका दिवसात कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी भाऊ एवढाच उरतो. घरातही त्याला जागा नव्यानं शोधावी लागते. इतकी वर्षं शेत, पोरांची शाळा, सासू-सासऱ्यांचं आजारपण त्याच्या पत्नीनं एकटीनं निभावलेलं असतं. त्या घराची घडी तिनं बसवलेली असते. म्हणून हे स्वागत जेवढं जवानांचं, तेवढंच त्या माउल्यांचंही आहे.

निवृत्तीनंतर काय करायचं, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या फौजींनी फार पूर्वी सोडवून दाखवला आहे. कोकणातलं दापोली एकोणिसाव्या शतकात लष्करी पेन्शनरांचं गाव होतं. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन तिथं आले. दोनच वर्षांत त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून अस्पृश्यतेला सवाल केला. महारांना सैन्यभरती बंद झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज लिहिला. १८९५ मध्ये महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. त्याच दापोलीत सुभेदार रामजी सकपाळ आले. महूच्या लष्करी शाळेत ते मुख्याध्यापक होते. १८९४ च्या सुमारास ते निवृत्त झाले. पेन्शन तुटपुंजी, म्हणून साताऱ्याकडे नोकरी धरली आणि बाकीचं सारं आयुष्य धाकट्या मुलाच्या शिक्षणावर लावलं. त्याला पुस्तकं घेता यावीत म्हणून त्यांनी लेकींकडून उसने पैसे आणले. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पलटणीनं या दोघांना अक्षर दिलं होतं, शिस्त दिली होती. ती शिदोरी त्यांनी समाजासाठी उघडली.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांची गोष्ट वेगळ्या वाटेची आहे. ईएमई या सेनेच्या यंत्रदुरुस्ती दलातला हा जवान मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचार म्हणून पोहायला सांगितलं गेलं, आणि त्यांनी पोहणं हेच कर्तव्य मानलं. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार केलं. जागतिक विक्रम झाला आणि भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण मिळालं. ती स्पर्धासुद्धा जखमी सैनिकांच्याच पुनर्वसनातून जन्मली. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ मध्ये १६ जखमी माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली, तिथून ही चळवळ वाढली. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, सुवर्णपदकानंतर ४६ वर्षांनी. एवढा काळ त्यांना उभं ठेवलं ते कामानं.

अण्णा हजारेंचं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. त्यातलं एक अंग इथं सांगायला हवं. पाकिस्तान सीमेवरच्या खेमकरण भागात सोबती मारले गेले आणि लष्करी वाहनाचा हा चालक वाचला. १९७५ मध्ये निवृत्त होऊन ते राळेगणसिद्धीला आले. त्यांनी पहिल्यांदा फंडाच्या पैशांतून यादवबाबांचं देऊळ दुरुस्त केलं. त्यामुळे लोक जमले, विश्वास बसला, आणि मग नालाबांध, पाझर तलाव, श्रमदान अशी कामं उभी राहिली. दारूबंदीसाठी तिथं वापरलेल्या कडक उपायांवर टीकाही झाली, आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. गाव म्हणजे प्लाटून नव्हे. इथं हुकूम चालत नाही, समजूत घालावी लागते. फौजीला गावाकडून शिकायची गोष्ट असेल तर ती हीच.

शासनानं काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. खडकीत जखमी सैनिकांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरीज संस्था १९१७ पासूनची आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र तिथंच १९७४ मध्ये सुरू झालं. पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम आहेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, २००२ मध्ये स्थापन झालेलं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे आपलं मेस्को, आहे. तरीही गावाकडच्या मेजरांना बहुतेक वेळा एकच काम सुचवलं जातं : सिक्युरिटी गार्ड. ते काम प्रामाणिक आहे, त्यात कमीपणा नाही. पण सिग्नलमधल्या माणसाला वायरलेस कळतं, ईएमईवाल्याला इंजिन कळतं, बॉम्बे सॅपर्समध्ये राहिलेल्यानं पूल बांधलेले असतात, मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट रक्तस्राव थांबवू शकतो. एवढं कौशल्य एखाद्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसवणं ही गावाची हानी आहे.

आणि वेळ थोडा आहे. अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. पहिल्या तुकड्या त्याच वर्षाच्या अखेरीपासून रुजू होऊ लागल्या. सेवा चार वर्षांची, कायम होणार ते जास्तीत जास्त २५ टक्के. बाकीचे बहुतेक पंचविशीच्या आसपास घरी येतील. हातात सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी असेल, पेन्शन नसेल. त्या पोरांना पैसे कुठं गुंतवायचे, कोणता कोर्स करायचा, भरतीचा पुढचा अर्ज कुठं भरायचा, हे सांगायला गावात आधी येऊन राहिलेल्या मेजरांइतकं जवळचं माणूस दुसरं नाही.

याच तालुक्यात सगरोळीला सैनिकी विद्यालय आहे आणि कृषी विज्ञान केंद्रही आहे. भरतीची तयारी करणारी मुलं आणि शेतीत नव्यानं उतरणारा फौजी, दोघांनाही लागणारं ज्ञान इथून हाकेच्या अंतरावर आहे.

म्हणून स्वागत समितीची इथं बसलेल्या सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. २६ जानेवारीला मेजरांच्या हस्ते झेंडावंदन जरूर व्हावं, शाल-श्रीफळही द्यावं. पण पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय ठेवावा : गावातल्या माजी सैनिकांची ट्रेडनिहाय यादी, आणि प्रत्येकाकडे एक ठरलेली जबाबदारी. मांजरेच्या पुराचं पथक कुणाकडे, शाळेचं मैदान कुणाकडे, प्रथमोपचार कुणाकडे, पाणलोटाचं काम कुणाकडे, हे नावानिशी लिहून घ्यावं. आणि मेजरांनो, तुमचं नाव पुकारलं गेलं की ‘हजर’ म्हणा.

जय हिंद! जय महाराष्ट्र!