कपाटातलं विमान आणि रद्दीत गेलेले खोके

आम्ही शाहूपुरीतल्या बचत गटाच्या बायका. एरवी आम्ही हप्ते, व्याज आणि पापड-मसाल्याबद्दल बोलतो. आज बोलणार आहोत एका विमानाबद्दल.

गेल्या महिन्याच्या बैठकीत आमच्यातल्या एका ताईंनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं लढाऊ विमान काढलं. हातात मावणारं, पण चांगलं जड. त्यांचे मालक उद्यमनगरात लेथवर कामाला होते. दर दिवाळीच्या बोनसमधून एक विमान आणायचे. मागच्या वर्षी ते गेले. लेकीची कॉलेजची फी भरायची होती. भंगारवाला अकरा विमानं किलोवर घ्यायला तयार होता. ताई म्हणाल्या, "देऊन टाकते. पोरखेळच तो." आधी आम्हीही हसलो. मग एकीनं विमान उलटं करून पोटावरची अक्षरं वाचली, आणि आम्ही थांबलो.

ते होतं स्पिटफायर. दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं विमान. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वाअकरा मीटर. हे त्याच्या बहात्तराव्या भागाइतकं, म्हणजे साडेपंधरा सेंटीमीटर. अशा प्रतिकृतींना डायकास्ट म्हणतात. ओतकाम कोल्हापूरकरांना नवं नाही. आपल्याकडं वाळूच्या साच्यात लोखंड ओततात आणि दर वेळी तो साचा मोडावा लागतो. डायकास्टमध्ये साचा पोलादाचा असतो. जस्ताचा मिश्रधातू वितळवून त्यात दाबानं भरतात. एकाच साच्यातून हजारो नग निघतात, आणि पत्र्याच्या सांध्यांच्या रेघासुद्धा उमटतात. लेथवर काम करणाऱ्या माणसाला त्या रेघांचं वेड का लागलं असेल, ते आम्हाला तेव्हा कळलं.

या विमानाच्या गोष्टीत बायका पुष्कळ आहेत. १९४० च्या जुलैत इंग्लंडच्या सरकारनं बायकांना सांगितलं, घरातली ॲल्युमिनियमची भांडी द्या, त्यांची विमानं करू. बायकांनी पातेली, किटल्या आणून दिल्या. एका स्पिटफायरची किंमत पाच हजार पौंड धरून गावोगाव वर्गणी निघाली. आपल्याकडच्या संस्थानांनीही पैसे दिले. पुढं एक अडचण आली. नाक खाली करून सूर मारला की इंजिन गचके खायचं. बिअॅट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी १९४१ मध्ये पेट्रोलच्या वाटेत वॉशरसारखी एक छोटी पितळी चकती बसवली आणि काम भागवलं. कारखान्यातून तळावर विमानं पोचवणाऱ्या वैमानिकांतही बायका होत्या. १९४३ पासून त्यांना पुरुषांइतकाच पगार मिळाला.

आपल्या हवाईदलानंही हे विमान वापरलं, आधी ब्रह्मदेशात आणि मग १९४७-४८ साली काश्मीरमध्ये. काश्मीरच्या त्या लढाईत हवाई तुकडीची धुरा सांभाळणारे हृषिकेश मुळगावकर आपले मराठी माणूस. त्यांना महावीर चक्र मिळालं, आणि १९७६ ते ७८ ते हवाईदलाचे प्रमुख होते.

हे सगळं ऐकून ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "खोके मी तेराव्यानंतर रद्दीत घातले."

मैत्रिणींनो, इथंच खरं नुकसान झालं. संग्राहक मूळ खोका बघतो. नंबर घातलेलं प्रमाणपत्र, स्टँड, पंखा, चाकं सगळं जागेवर आहे का, रंग उडालाय का, हे बघतो. खोका नसला की भाव उतरतो. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. अशी वस्तू पितांबरीनं किंवा चिंचेनं घासू नका, रंग गेला की किंमत गेली. मऊ ब्रशनं नुसती धूळ झटका. ओलीपासून जपा. विकताना लोक किती मागतात ते बघू नका, खरोखर कितीला विकलं गेलं ते बघा. आणि एकट्यानं सौदा करू नका.

आम्ही वहीत अकरा विमानांची यादी केली. नाव, माप, काय मोडलंय, सगळं लिहिलं, फोटो काढले. दोन-तीन संग्राहकांना विचारून मग सहा विमानं विकली. भंगाराच्या भावापेक्षा कितीतरी जास्त पैसे आले. पूर्ण फी भागली नाही. उरलेल्या रकमेसाठी गटातून कर्ज दिलं, पण ताईंनी आधी मागितलं होतं त्याच्या निम्मंच लागलं.

स्पिटफायर मात्र त्यांनी विकलं नाही. मालक सांगायचे, "पुसताना पंख धरू नकोस, पोट धर." ताईंना ते बोलणं तेव्हा कटकट वाटायचं. आता लेक पुसायला घेते, तेव्हा ताई तेच सांगतात.

आमचं म्हणणं एवढंच. घरातला माणूस काही जमवत असेल, नाणी, घड्याळं, तिकिटं किंवा विमानं, तर त्याला वेडा म्हणण्याआधी शेजारी बसून विचारा. हे काय आहे? कितीला घेतलं? कुणाला विकता येईल? त्याच्याच तोंडून ऐका आणि वहीत लिहून ठेवा. दागिन्यांची यादी करतो तशीच ही यादी करा. आणि खोका टाकण्याआधी एकदा विचारा.