मोटारीचें सुकाणूं आणि विजेचा हातभार



मोटारीचें सुकाणूं, म्हणजे आपण ज्यास स्टिअरिंग म्हणतों तें फिरविणें, हें एके काळीं बळकट दंडाचें काम होतें. भद्रकालींतील अरुंद वाटेवर गाडी वळवून घ्यावयाची म्हणजे चालकाच्या कपाळावर घाम येई. आज सत्तरीच्या गृहस्थांनाही तें सहज साधतें. हें बळ येतें कोठून, आणि ऐन वेळीं तें अंतरलें तर काय करावें, याचा आज विचार करूं.

गाडी उभी असतांना पुढचीं चाकें वळविणें म्हणजे भाराखालचें रबर रस्त्यावर घासत नेणें होय. अमेरिकेंत १९५१ सालीं क्रायस्लर कंपनीनें तेलाच्या दाबानें मदत करणारी योजना विक्रीच्या गाड्यांत आणली. परंतु अशा योजनेंतील पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे, व रस्ता सरळ असला तरी इंजिनाची शक्ति खात राही. १९८८ सालीं जपानच्या सुझुकीनें ‘सर्व्हो’ या लहान गाडींत तेलाऐवजीं विजेची मोटर योजली. आपल्या नाशिकच्या महिंद्रा कारखान्यांतून २०१९ सालीं निघालेल्या ‘एक्सयूव्ही ३००’ गाडींतही विजेचीच योजना होती.

हिची रचना मनोरंजक आहे. स्टिअरिंगच्या दांड्याच्या दोन भागांमध्यें एक बारीक पोलादी कांडी असते. आपण चाक फिरवूं लागलों, आणि रस्त्यावरचीं चाकें सहजीं वळेनात, कीं ही कांडी किंचित् पिळली जाते. ओला पंचा पिळावा तशी. पीळ अवघा कांहीं अंशांचा असतो. परंतु शेजारचा सेन्सर तो मोजून लहानशा संगणकास कळवितो. संगणक गाडीचा वेग पाहतो व मोटरनें किती जोर लावावा तें तत्क्षणीं ठरवितो. चाकें वळलीं कीं पीळ सैल पडतो व मोटरही हात आखडता घेते. म्हणजे आपल्या हातास किती जड जात आहे, एवढेंच हें यंत्र ओळखतें.

गाडी उभी करतांना ही मदत भरपूर मिळते. मुंबईच्या रस्त्यावर वेगांत जातांना ती बेताची असते, कारण तेथें चाक फार हलकें झालें तर हाताच्या लहानशा हिसक्यानेंही गाडी भरकटेल. आम्हीं शिक्षकांनीं हेंच केलें: पहिलीच्या मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेतलें, मॅट्रिकच्या मुलाचा धरला नाहीं.

आतां महत्त्वाची गोष्ट. या यंत्रणेंत बिघाड झाला तर समोर तांबडा किंवा पिवळा दिवा लागतो व चाक एकाएकीं जड होऊं शकतें. स्टिअरिंग तुटलें, असें समजून कित्येक घाबरतात. परंतु अशा गाडींत हातांतील चाक व रस्त्यावरचीं चाकें दांड्यानें जोडलेलीं असतातच. जाते ती केवळ मदत. तेव्हां दोन्ही हातांनीं चाक घट्ट धरावें, वेग हळूहळू कमी करावा व गाडी कडेला घ्यावी. वेग मंदावेल तसें चाक अधिकच जड लागेल, हें आधींच ध्यानांत असावें.

कसारा घाट उतरतांना पेट्रोल वांचविण्यासाठीं इंजिन बंद करण्याची संवय कोणास असल्यास ती सर्वथा टाकावी. किल्ली फिरवून गाडी बंद केली कीं स्टिअरिंगची मदत जाते, थोड्याच वेळांत ब्रेकचीही जाते; आणि किल्ली काढून घेतली तर चाकास कुलूपच बसूं शकतें. घरांत जो कोणी गाडी चालवीत असेल, त्याला आज जेवतांना एवढें अवश्य सांगावें.