स्पीकरमधली शिट्टी

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडीच्या स्पीकरमधली शिट्टी चढत जाते? मग ती बहुधा अल्टरनेटरची आहे. कुठून शिरते, ते शोधू या.

स्टिरिओचा आवाज पूर्ण कमी करा. शिट्टी तेवढीच राहिली, तर ती स्टिरिओच्या पुढे, म्हणजे आरसीए वायरमधून किंवा अ‍ॅम्प्लिफायरमधून येते. अ‍ॅम्प्लिफायरची अर्थ वायर जाड, आखूड हवी आणि रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर बोल्टने घट्ट बसलेली हवी. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने न्या, आरसीए दुसऱ्या बाजूने.

ऑक्स वायर लावलेला मोबाइल चार्जिंगला जोडल्यावरच आवाज येत असेल, तर त्या वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा. वायरिंगला हात लावण्याआधी मात्र इंजिन बंद करून बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवा.