जनगणना आणि आपले घराणे



१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध अडीच हजारही नव्हते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर १९६१ साली ते २७ लाखांवर गेले. त्या आकड्यात आपले आजी-आजोबा आहेत, परंतु त्यांची नावे तेथे सापडणार नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याने घरोघरची माहिती गोपनीय ठेवली आहे. इंग्लंडमध्ये १९२१ चे तक्ते २०२२ साली लोकांना खुले झाले. आपल्याकडे तशी सोय नाही.

म्हणून जिल्हा जनगणना पुस्तिकेतून आपण गावाची लोकसंख्या पाहावी. नावांसाठी तहसील कचेरीतील कोतवाल बुक आणि शाळेचे जुने रजिस्टर शोधावे. त्याआधी घरातील वडीलधाऱ्यांकडून पणजी-पणजोबांची नावे लिहून घेऊया. कागद जीर्ण होतात, माणसेही थांबत नाहीत.

जय भीम!